ओव्हनमधून निघालेला नमुना आधीपेक्षा मजबूत भरला तर?

फायबरच्या, म्हणजे रेझिनमध्ये धागे बसवून केलेल्या वस्तूंच्या, कामात यायचं म्हणणाऱ्या खान्देशातल्या मुलामुलींना मी आधी एकच विचारतो : तुमच्या रेझिनचा टीजी किती? बहुतेक जण धाग्यांबद्दल बोलायला लागतात. काच की कार्बन, मॅट की विणलेलं कापड, थर किती. पण उष्णतेपुढे आधी हार मानतं ते रेझिन. ई-ग्लास या नेहमीच्या काचेचा धागा ८०० अंशांच्या पुढे जाऊन मऊ पडतो. खोलीच्या तापमानालाच क्युअर केलेलं, म्हणजे रासायनिक क्रियेनं कडक केलेलं, साधं इपॉक्सी रेझिन मात्र बऱ्याचदा ५०-६० अंशांनाच ढिलं व्हायला लागतं. या ढिलं पडण्याच्या सीमेला काच-संक्रमण तापमान म्हणतात, तोच टीजी. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो आणि उन्हातला गडद पृष्ठभाग हवेपेक्षा बराच जास्त तापतो. थंड गावात वर्षानुवर्षं टिकलेलं मिश्रण आपल्याकडच्या गच्चीवर टिकेलच असं नाही.

असं कायमचं कडक होणारं रेझिन म्हणजे थर्मोसेट. तो एकदा क्युअर झाला की वितळत नाही. त्यावरून ‘मग त्याला उष्णतेचं काय भय?’ असा समज होतो, आणि ओव्हनमधले पहिले आकडे तो पक्का करतात. प्रोजेक्टसाठी व्हिनाइल इस्टर रेझिन आणि काचेच्या मॅटचे नमुने आम्ही तापवायला ठेवले होते. पहिल्या खेपेला वाकवण्याची ताकद घटायच्या ऐवजी वाढलेलीच आली. यंत्र ठीक होतं, माप ठीक होतं. झालं असं, की साच्यात अर्धवट राहिलेलं क्युअरिंग ओव्हननं पुरं केलं. हाताला कडक लागलं म्हणजे रेझिन आतून पिकलं असं नसतं. म्हणून उष्णतेनं येणाऱ्या वार्धक्याचा अभ्यास करायचा असेल तर सगळे नमुने आधी नीट पोस्ट-क्युअर करा (म्हणजे पुन्हा तापवून क्युअरिंग पुरं करा), डीएससीवर, म्हणजे नमुना तापवताना उष्णतेची देवाणघेवाण मोजणाऱ्या यंत्रावर, उरलेली क्युअरिंगची उष्णता दिसत नाही ना ते बघा, आणि मग घड्याळ सुरू करा. नाहीतर ताकद वाढवणारी आणि ताकद खाणारी अशा दोन्ही क्रिया एकाच आलेखात मिसळतात आणि तुम्ही त्याची सरासरी लिहून मोकळे होता.

तोलतानाही असंच. सुरुवातीला घटलेलं वजन पुष्कळदा नुसतं पाणी असतं. ऑगस्टमध्ये बनवलेला नमुना आणि मे महिन्यातला नमुना इथे सारखा कोरडा नसतो. आधी वाळवा, डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी राखणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, मग तोला.

खरा ऱ्हासही दोन तऱ्हांचा असतो, आणि तोंडी परीक्षेत हमखास अडवतात ते इथेच. टीजीच्या थोडं खाली बराच काळ ठेवलेलं रेझिन हळूहळू घट्ट बसत जातं आणि ठिसूळ होतं. रासायनिक बंध न तुटता हे घडतं, त्यामुळे टीजीच्या वर थोडा वेळ तापवलं की ते पुसलंही जातं. दुसरी तऱ्हा ऑक्सिजनची; तिचं काम मात्र परत फिरवता येत नाही. रेझिनच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, नवे कार्बोनिल गट (कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधानं जोडलेले) तयार होतात, रंग पिवळा-तपकिरी होतो. ऑक्सिजन बाहेरून झिरपत आत जातो, म्हणून जाड तुकड्यात आधी वरची कातडीच बिघडते. ती आकसते, तिला बारीक चिरा पडतात, आणि त्या चिरांतून ऑक्सिजनला आणखी आत वाट मिळते. धाग्यांची कापलेली टोकं उघडी असतील तर धागा आणि रेझिन यांच्या सांध्यातूनही तो शिरतो. शिवाय इपॉक्सी काचेच्या जवळपास दहापट प्रसरण पावतं, त्यामुळे रोज तापण्या-निवण्यात हा सांधा ओढला जातो तो वेगळाच.

म्हणूनच धाग्यांच्या दिशेनं ओढून केलेली ताणचाचणी फसवी ठरते. भार धागे पेलतात, आकडा छान येतो, रेझिन खंगलेलं कळतच नाही. आखूड तुळईची थरांमधली कर्तनचाचणी (थर एकमेकांवरून सरकतात का ते पाहणारी) घ्या, डीएमएवर (तापवत ताठपणा मोजणाऱ्या यंत्रावर) टीजी सरकला का पाहा, एफटीआयआरवर (इन्फ्रारेडनं रासायनिक गट ओळखणाऱ्या यंत्रावर) कार्बोनिलची पट्टी शोधा. माझ्या मते ओव्हनमध्ये महिने घालवण्यापेक्षा या तिन्ही चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळवण्यात जास्त शिकायला मिळतं.

घाई असली की ओव्हनचं तापमान चढवून अऱ्हेनियसच्या रेषेनं (तापमानाबरोबर क्रियेचा वेग कसा बदलतो ते दाखवणाऱ्या) पुढच्या वीस वर्षांचं भविष्य काढायचा मोह होतो. पण ती रेषा सगळीकडे एकच यंत्रणा चालू असेल तरच खरी. ६५ अंश टीजीचं रेझिन १२० अंशांना तापवलंत, तर ४५ अंशांच्या उन्हात त्याचं काय होईल याबद्दल तुम्हाला फार काही कळलेलं नसतं.

वाट विचाराल तर रसायनशास्त्र, मेकॅनिकल, प्लास्टिक किंवा पॉलिमर, कुठूनही येता येतं. गेट या अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या एक्सई पेपरमध्ये पॉलिमरचा वेगळा विभाग आहे. सिपेट या प्लास्टिकचं शिक्षण देणाऱ्या सरकारी संस्थेचं केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. पण त्याआधी एक उन्हाळा एमआयडीसीतल्या एखाद्या फायबरच्या शेडमध्ये काढा. दुपारच्या उकाड्यात हार्डनर घातलेलं रेझिन डब्यातच कसं तापतं आणि भराभर घट्ट होतं, हे तिथले कारागीर दाखवतील. साक्रीकडच्या पवनचक्क्यांची पाती दुरुस्त करणारे कोणी भेटले तर त्यांना विचारा, भर उन्हात पॅच लावताना पृष्ठभागाचं तापमान कधी मोजता. कागदावर पोस्ट-क्युअर शिकलेल्यांना या प्रश्नाचं उत्तर बहुधा देता येत नाही.