घरी टीपीएन सुरू होतंय? बॅगेच्या आधी माणसं जोडून घ्या

आमच्या दादाच्या आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली, तातडीचं ऑपरेशन झालं आणि लहान आतडं इतकं काढावं लागलं की खाल्लेलं अंगाला लागेचना. तेव्हापासून २ वर्षं रोज रात्री शिरेतून पोषण चालू आहे, सगळे त्याला टीपीएन म्हणतात. दादा-वहिनी कळव्याला, मी घणसोलीला, त्यामुळे ट्रान्स हार्बरने माझी ये-जा चालूच असते. हे लिहायला घेतलं कारण डिस्चार्जच्या वेळी आम्हाला बॅग कशी लावायची ते छान शिकवलं, पण कधी कोणाला काय विचारायचं ते कोणीच सांगितलं नाही, आणि पुढे आमचं जे जे बिघडलं ते ह्याचं त्याला माहीत नसल्यामुळे बिघडलं. हॉस्पिटलमध्ये सगळे एका मजल्यावर असतात, घरी आलात की सर्जन परळला, डायटिशियन वाशीला, सिस्टर ऐरोलीची, लॅबवाला नाक्यावरचा. त्यांना एका धाग्यात ओवायचं काम घरातल्याच कोणीतरी अंगावर घ्यावं लागतं, आमच्याकडे ते मी घेतलंय.

डिस्चार्जची तारीख ठरली की लगेच अर्ध्या तासाची मीटिंग मागा. सर्जन किंवा गॅस्ट्रोचे डॉक्टर, डायटिशियन, घरी येणारी सिस्टर, बॅग बनवणारा किंवा पुरवणारा फार्मासिस्ट आणि तुम्ही घरचे, सगळे एकत्र, अगदीच जमत नसेल तर फोनवर. तिथे चारच गोष्टी पक्क्या करा: लाइनचं (पोषण आत जायला शिरेत बसवलेली नळी) काही झालं तर फोन कोणाला, बॅगेत काय आणि किती हे कोण ठरवणार, रक्ताचे रिपोर्ट कोण बघणार, आणि रात्री २ वाजता कोण उचलणार. प्रत्येकाच्या नावापुढे दुसरं नाव पण लिहून घ्या कारण माणसं गावाला जातात, सुट्टीवर जातात. तो कागद आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.

रिपोर्टचं तर अगदी ठामपणे सांगते. सुरुवातीला सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस, साखर, लिव्हर हे सगळं वारंवार बघतात, मग स्थिर झालं की अंतर वाढवतात. आमचं तिसऱ्या महिन्यात काय झालं, मॅग्नेशियम कमी आलं, पीडीएफ वहिनीच्या फोनवर आली, तिने सर्जनच्या असिस्टंटला पाठवली, त्यांना वाटलं डायटिशियन बघेल, आणि डायटिशियनकडे रिपोर्ट पोचलाच नव्हता. ४ दिवसांनी दादाच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले, बोटांना मुंग्या, तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं. आता आमचा नियम असा की रिपोर्ट ह्या सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा, खाली ज्याने बघायचाय त्याचं नाव लिहायचं आणि "बघितलं, हे बदला" किंवा "बघितलं, बदल नको" असं उत्तर येईपर्यंत सोडायचं नाही, निळ्या टिका आल्या म्हणजे उत्तर आलं असं समजायचं नाही. आणि बॅगेत बदल झाला की तो बदल ग्रुपवर आणि वहीत दोन्हीकडे, तारखेसकट.

वही म्हणजे साधी २०० पानी. रोज सकाळी वजन, २४ तासांची लघवी, स्टोमातून (पोटावर बाहेर काढलेलं आतड्याचं तोंड) किती गेलं, ताप, साखर, बॅग कधी लावली कधी काढली. लघवी दिवसाला १ लिटरच्या आसपास तरी व्हायला हवी असं आम्हाला सांगितलंय, त्याच्या खाली आली की पाणी कमी पडतंय, आणि वजन एका रात्रीत किलोभर चढलं, पाय सुजले तर पाणी जास्त होतंय, दोन्ही वेळी त्याच दिवशी फोन. आणि एक गोष्ट जी आम्हाला उलटीच वाटायची, दादासारखं आतडं अगदी थोडं उरलंय आणि स्टोमा आहे अशा माणसाने तहान लागली म्हणून साधं पाणी भरपूर प्यायलं तर स्टोमा उलट जास्त वाहतो आणि सोबत मीठही घेऊन जातो. म्हणून डायटिशियनने मिठाचं जास्त प्रमाण असलेलं ओआरएस थोडं थोडं घोटाघोटाने प्यायला सांगितलंय. उन्हाळ्यात कळव्यात पंख्याखाली बसूनसुद्धा घाम निथळतो तेव्हा मी रोज सकाळी फोन करून आधी लघवीचा आकडा विचारते, "कसा आहेस" नंतर.

आता सिस्टर आणि लाइन. ही लाइन छातीतून किंवा दंडातून आत जाऊन हृदयाच्या अगदी जवळच्या मोठ्या शिरेत संपते, म्हणजे टोकावर बसलेला जंतू थेट रक्तात. आमची सिस्टर जे करते ते मी कितीदा जवळून बघितलंय. आधी पंखा बंद, खिडकी बंद, टेबल पुसून घेते, अंगठी-बांगड्या काढून साबणाने कोपरापर्यंत हात धुते, आणि मग लाइनचं तोंड अल्कोहोलच्या स्वॅबने लिंबू पिळताना वळवतो तसं दाबून वळवत पूर्ण १५ सेकंद घासते, ओठांत आकडे मोजत. मग ते वाळेपर्यंत हात हवेत धरून थांबते, फुंकर मारत नाही. फ्लश, म्हणजे सलाइन ढकलून लाइन धुणं, ते १० मिलीच्या सिरिंजनेच, कारण लहान सिरिंजने आत प्रेशर जास्त पडतं आणि लाइन फुटू शकते. थोडं ढकल, थांब, थोडं ढकल, थांब. पारदर्शक ड्रेसिंग ७ दिवसांनी बदलते, ओलं झालं किंवा कडेने सुटलं तर लगेच. वहिनी आणि मी दोघीही हे शिकलो, सिस्टरसमोर करून दाखवलं आणि तिने "आता बरोबर" म्हटल्यावरच एकट्याने केलं. एकदा ती सुट्टीवर असताना बदली सिस्टर आली, तिने न घासता लाइनला सिरिंज लावायला घेतली, वहिनीने हात धरला तिचा. वाईट वाटलं तिला, पण नवीन माणूस आला की आधी २ रात्री फक्त बघायचं आणि मग हात लावायचा, हे आम्ही तेव्हापासून ठरवून टाकलं. तो टीपीएनचा मार्ग फक्त टीपीएनसाठी, त्यातून रक्त काढायचं नाही, दुसरं इंजेक्शन द्यायचं नाही, टीमने स्वतः सांगितलं तरच.

बॅगेबद्दल फार्मासिस्टला कंटाळा येईल इतकं विचारा. आमची तीन कप्प्यांची असते, साखर, अमिनो अ‍ॅसिड आणि दुधासारखी पांढरी चरबी, वरून सतरंजी गुंडाळतो तशी गुंडाळत आणली की मधल्या पट्ट्या सुटतात, मग उलटसुलट करून मिसळायचं. न उघडलेली बॅग किती तापमानात ठेवायची ते लेबलवर असतं, मे महिन्यात आम्ही सगळे बॉक्स एसीच्या खोलीत हलवतो. ज्यांची बॅग फार्मसीत बनवून येते त्यांची मात्र फ्रिजमध्ये, २ ते ८ डिग्री, आणि लावायच्या तास-दोन तास आधी बाहेर. पांढऱ्यावर पिवळसर तेलाचे ओघळ दिसले, कण दिसले, गळती दिसली तर लावायचीच नाही, फोटो ग्रुपवर. आणि घरच्या घरी स्वतःच्या मनाने बॅगेत काहीही टाकू नका, कॅल्शियमचं इंजेक्शन तर मुळीच नाही. कॅल्शियम आणि फॉस्फेट चुकीच्या प्रमाणात एकत्र आले की बारीक खडे धरतात आणि ते फुप्फुसात जाऊन अडकतात. १९९४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ह्याच कारणाने इशारा काढला होता, पेशंट दगावले होते त्यात. म्हणून लाइनला फिल्टर लावतात, आणि म्हणून फार्मासिस्ट टीममध्ये हवा, नुसता बॅगा पोचवणारा असून भागत नाही.

ताप. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून सावकाश वाचा. एका रात्री बॅग लावून तास झाला असेल, दादाला अशी हुडहुडी भरली की पलंग हलत होता, १०२ ताप. आम्ही जवळच्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं, तिथे ड्युटीवरच्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून पॅरासिटामॉल लिहून दिलं आणि घरी जा म्हणाले. मी सर्जनना फोन लावून फोन त्यांच्या हातात दिला म्हणून पुढचं झालं, दोन्हीकडून ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी), एक लाइनमधून आणि एक दुसऱ्या हातातून, आणि त्यानंतरच अँटिबायोटिक. लाइनमध्येच जंतू निघाला. आता आमच्याकडे सर्जनच्या सहीचं एका पानाचं पत्र आहे, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दाराच्या खुंटीला: पेशंटला सेंट्रल लाइन आहे, १००.४ किंवा जास्त ताप अथवा थंडी वाजली तर लाइनचं इन्फेक्शन धरून चाला, अँटिबायोटिकच्या आधी दोन्हीकडून कल्चर, लाइन विचारल्याशिवाय काढू नये, खाली फोन नंबर. असं पत्र मागून घ्याच. आणि ताप आला की बॅग थांबवायची, क्लॅम्प लावायचा, साखर तपासायची कारण बॅग अचानक थांबली की साखर उतरू शकते, टीमला फोन आणि निघायचं, सकाळपर्यंत वाट बघायची नाही. कळवा नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकायची भीती असेल तर १०८ ला फोन करा.

गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांनाही ग्रुपमध्ये घ्या. ते टीपीएन करत नाहीत हे खरं, पण १० मिनिटांत घरी तेच येऊ शकतात. आमच्या डॉक्टरांना मी ते पत्र आणि वही नेऊन अर्धा तास सगळं समजावलं, त्यांनी मन लावून ऐकलं.

बॅगेतलं पोषण ठरलेल्या वेगाने सोडणाऱ्या पंपाची बॅटरी किती तास चालते ते एकदा मुद्दाम लाइट बंद करून बघून ठेवा, पावसाळ्यात उपयोग होतो.

आणि दादा. सुरुवातीला आम्ही सगळे त्याच्याबद्दल बोलायचो आणि तो पलंगावर बसून ऐकायचा. एक दिवस म्हणाला, "मला रात्रीचं ताट घेऊन तुमच्याबरोबर बसायचंय, दोन घास का होईना, नळी न लावता." हे आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. मी ग्रुपवर लिहिलं, डॉक्टर आणि डायटिशियनने साखर, वजन बघत बघत हळूहळू १४ तासांची बॅग ११ तासांवर आणली, शेवटच्या तासाला पंपाचा स्पीड अर्धा करायचा म्हणजे साखर एकदम पडत नाही. आता ८ ला सगळे जेवायला बसतात, ९ ला वहिनी पंखा बंद करते.