कॅमुंडा ७ मधले टायमर: ट्रान्झॅक्शनच्या या चुका टाळा

कॅमुंडा ७ हे आकृतीत काढलेली प्रोसेस पायरीपायरीने चालवणारं इंजिन. समजा, बिल थकलं, टायमरची मुदत भरली, ग्राहकाला आठवणीचा मेल गेला, मग ईआरपीत (कंपनीच्या हिशेबाच्या सिस्टिममध्ये) नोंद, आणि शेवटी वसुलीवाल्यांकडे यूजर टास्क, म्हणजे माणसाने करायचं काम. अगदी साधी प्रोसेस. पण ईआरपी बंद असला तर ग्राहकाला तोच मेल तीनदा जातो. मेल सर्व्हरला दोष देण्याआधी ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधले जे बदल एकत्र टिकतात किंवा एकत्र रद्द होतात, त्यांचा गट) कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते बघा.

आकृतीत चौकोन वेगळे दिसतात, म्हणून प्रत्येकाचं ट्रान्झॅक्शनही वेगळं असेल, हा समज सगळ्यात महागात पडतो. टायमर म्हणजे डेटाबेसमधली जॉबची एक नोंद. वेळ झाली की जॉब एक्झिक्युटर (जॉब चालवणारा इंजिनचा भाग) ती उचलतो आणि यूजर टास्कपाशी थांबेपर्यंत सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चालवतो. ईआरपीच्या पायरीत एक्सेप्शन (एरर) आलं की डेटाबेस टायमरपर्यंत मागे जातो. गेलेला मेल काही परत येत नाही. डीफॉल्ट प्रयत्न ३, म्हणून मेलही ३. मग इन्सिडेंट, म्हणजे माणसाने लक्ष घालावं अशी अडचणीची नोंद.

ईआरपीच्या टास्कवर ‘असिंक बिफोर’ (टास्कच्या आधीच ट्रान्झॅक्शन संपवणारी सेटिंग) लावा. मेलनंतर कमिट होतो, म्हणजे तोवरचे बदल डेटाबेसमध्ये पक्के होतात, आणि पुढचे प्रयत्न फक्त ईआरपीचे होतात. तरी मेल गेला आणि नेमका कमिटच फसला, तर? त्यासाठी मेल पाठवणाऱ्या सेवेला अशी ‘की’ (ओळखीची खूण) द्या, जिच्यावरून दुहेरी मागणी तिला ओळखता येईल. ही की डेलिगेटमध्येच (टास्कमागच्या कोडमध्ये) यूयूआयडी, म्हणजे दरवेळी नवा निघणारा आयडी, काढून बनवली तर काहीच साधत नाही: रोलबॅकमध्ये (बदल मागे घेताना) ती पुसली जाते आणि पुढच्या प्रयत्नात नवीन बनते. बिल क्रमांक आणि कितवी आठवण, एवढ्यावरून बनवा.

एकाने उचललेला जॉब दुसऱ्याने उचलू नये म्हणून जॉबवर असणारं लॉक डीफॉल्टने ५ मिनिटांचं असतं. काम त्याहून लांबलं की दुसरा नोड (इंजिन चालवणारा दुसरा सर्व्हर) तोच जॉब उचलू शकतो. शेवटी एकाचाच कमिट टिकतो, पण बाहेरचे कॉल दोघांचेही होऊन गेलेले असतात. लॉकची मुदत वाढवता येते; पण इतकं लांबणारं काम एक्स्टर्नल टास्कमध्ये (इंजिनबाहेरचा प्रोग्रॅम उचलून करतो अशा टास्कमध्ये) हलवणं मला जास्त योग्य वाटतं.

सिंक्रोनस सर्व्हिस टास्कवर (इंजिन स्वतः लगेच चालवतं आणि संपेपर्यंत थांबतं अशा टास्कवर) बाउंडरी टायमर, म्हणजे टास्कच्या कडेला जोडलेला टायमर, लावून टाइमआउटची वाट बघू नका. तो जॉब त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये जन्मतो आणि तिथेच संपतो, एक्झिक्युटरला कधी दिसतच नाही. टाइमआउट एचटीटीपी क्लायंटवरच लावा.

लॉगमध्ये ऑप्टिमिस्टिक लॉकिंग एक्सेप्शन (दोघांनी एकाच वेळी तीच नोंद बदलल्याची एरर) दिसलं तर घाबरू नका. टायमर वाजला त्याच क्षणी कुणीतरी टास्क पूर्ण केला असेल. अशा वेळी जॉबचे प्रयत्न कमी होत नाहीत.