लिफ्ट केलेल्या गाडीचं स्टेअरिंग थडथडतंय? डँपर आणायला पळू नका, आधी या चुका टाळा

सडावाघापूरवरून तारळेमार्गे हायवेला लागलो होतो, नागठाणं ओलांडलं, स्पीड असेल पंचाहत्तर, आणि एका पुलाच्या जॉइंटवर पुढचं डावं चाक आपटलं आणि त्यानंतर स्टेअरिंगनं जे काय बडवायला सुरुवात केली ते अजून हाताला आठवतंय. डॅशबोर्ड हलतोय, आरसे दिसेनात, शेजारी बसलेल्या मेव्हण्याला वाटलं चाकच निघालं. गाडी जिम्नी, दोन इंच लिफ्ट (म्हणजे सस्पेन्शन तेवढं उंच केलेलं), २३५/७५ आर १५ चे टायर. दोष गाडीचा नव्हता, माझ्या हौसेचा होता, हे आधीच सांगतो.

पहिली चूक मी तिथंच केली, घाबरून ब्रेक दाबला. असं झालं की ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टेअरिंग घट्ट धरायचं पण अंगठे आतल्या दांड्यांत अडकवायचे नाहीत, आणि गाडी हळूहळू डाव्या कडेला घेत स्पीड मरू द्यायचा. बऱ्याचदा चाळीसच्या खाली आलं की आपोआप थांबतं. जोरात ब्रेक मारला की वजन पुढच्या ॲक्सलवर येतं आणि हलणं अजून वाढू शकतं.

आता एक गोष्ट आधी क्लिअर करूया, कारण गाडीवाल्यांच्या ग्रुपवर सगळे एकाच भांड्यात सगळं ढवळतात. ठराविक स्पीडला बारीक थरथर येते, त्याच्या पुढं गेलं की कमी होते, खड्डा असो नसो, तर ते बहुतेक वेळा बॅलन्सिंग किंवा टायर. खड्ड्यानं सुरू होऊन स्पीड बराच उतरेपर्यंत जे सुटत नाही ते खरं वॉबलिंग, आणि ते होतं पुढं अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) असलेल्या गाडीला, म्हणजे जिम्नी, जिप्सी, जुन्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) महिंद्रा जीपा. २०२० नंतरच्या थारला पुढं दोन्ही चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत, तिचं स्टेअरिंग हललं तर बॉल जॉइंट, बेअरिंग, बॅलन्सिंग बघा, खालचं बरंचसं तिला लागू नाही.

बॅलन्सिंगवरून आठवलं. कासकडनं पावसात आलात, गाडी वरनं धुतली आणि दुसऱ्या दिवशी हायवेला थरथर सुरू, तर गॅरेजला जायच्या आधी रिमच्या आतल्या बाजूला हात घाला. वाळलेला लाल चिखल एका जागी चिकटलेला असतो, तो खरवडून काढला की झालं काम. ह्याचे पण लोकांनी पैसे घालवलेत.

दुसरी चूक, आणि ही सगळ्यात महाग, ती म्हणजे स्टेअरिंग डँपर, स्टेअरिंगच्या दांड्याला लावलेला शॉक ॲब्सॉर्बर. मला एका गॅरेजवाल्यानं गाडी उचलून बघायच्या आधीच सांगितलं डँपर गेलाय, मी पण लगेच जाड, रंगीत, बाहेरून मागवलेला टाकला. पंधरा दिवस गाडी लोण्यासारखी चालली आणि मग खंबाटकी उतरताना परत तेच. शेवटी जीपांवर आयुष्य काढलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं गेलो, ते सगळं ऐकून म्हणाले, "आरं दात किडलाय आन् तू लवंग चघळतुयास व्हय." डँपर धक्का खातो, ढिलाई काढत नाही, उलट ढिलाई लपवतो आणि तोपर्यंत आतलं अजून झिजतं.

त्यांनी केलं काय तर फार साधं. गाडी चाकांवरच उभी, न्यूट्रल, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, इंजिन चालू म्हणजे पॉवर स्टेअरिंग चालू. मला आत बसवलं आणि सांगितलं हँडल थोडं डावीकडं थोडं उजवीकडं, सारखं हलवत राहा. स्वतः खाली सरपटत गेले आणि एकेका जोडावर हात ठेवत गेले. टाय रॉडचे (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) एंड, ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सकडनं चाकाकडं जाणारा दांडा), स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट, ट्रॅक रॉड. डोळ्याला दिसत नाही ते हाताला टक् टक् लागतं. माझ्या गाडीत ट्रॅक रॉडचा ॲक्सलकडचा बोल्ट भोकात खेळत होता. ट्रॅक रॉड म्हणजे ॲक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा, त्यात केसभर ढिलाई असली तरी स्टेअरिंगनं ढकलल्यावर चाकं वळायच्या ऐवजी आधी ॲक्सलच सरकतो.

आणि ढिलाई आली कुठून, तर लिफ्ट बसवताना पोरांनी गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असतानाच सगळे बुशचे (जोडातल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट कचकचून आवळले होते. रबरी बुश त्याच स्थितीत जखडतं, गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट हातानं लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनचार वेळा दाबून हलवायची आणि मगच टॉर्क रेंचनं फायनल टाइट, आकडा मॅन्युअलमधला. भोक लांबट झालं असेल तर नुसतं परत आवळून काही होत नाही, माझ्या ब्रॅकेटला प्लेट वेल्ड करून नवं भोक पाडावं लागलं आणि बोल्ट नवा.

किंगपिनचं, म्हणजे ज्या पिनांवर पुढचं चाक डावी-उजवीकडं वळतं त्यांचं, लोक विसरतातच. चाक उचलायचं, गाडी स्टँडवर ठेवायची (नुसत्या जॅकवर हात घालू नका, हात जोडून सांगतो), घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवायचं. खेळ लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेकनं खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तरी राहिला तर किंगपिन. तिथं शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी करून प्रीलोड (बेअरिंगवरचा दाब) वाढवतात, स्प्रिंगकाट्यानं नकल (चाक धरणारा, वळणारा भाग) ओढून जोर मोजतात, अंदाजानं करायचं काम नाही ते.

मग कॅस्टर, म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा बाजूनं दिसणारा मागचा कल. गाडी वर उचलली की जिम्नीचे पुढचे आर्म (ॲक्सलला चॅसीशी जोडणारे दांडे) खाली झुकतात, ॲक्सल पुढं फिरतो, कॅस्टर कमी होतो आणि वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ यायची ओढ कमी होते. जिप्सीवाले लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला टांगणारी कडी) टाकतात तिथंपण, शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर हेच होतं. अलाइनमेंटवाला टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती) सेट करतो आणि "ओके आहे" म्हणतो, कारण अखंड ॲक्सलवर कॅस्टर त्याच्या पान्यानं हलतच नाही. प्रिंट मागा, कॅस्टरचा आकडा लाल असेल तर जिम्नीला ऑफसेट बुश (भोक मध्यावर नसलेलं) किंवा दुसरे आर्म, पाट्यांच्या गाडीला ॲक्सल आणि पाट्यांमध्ये पाचर. पाचर उलटी बसली तर कॅस्टर अजून जातो, तीपण गंमत एका मित्राच्या जिप्सीत बघितलीय.

स्पेसर (चाकामागं लावायची जाड चकती) लावून चाकं बाहेर काढायची हौस असेल तर एवढंच, चाक जेवढं बाहेर तेवढा प्रत्येक खड्डा स्टेअरिंगला लांब दांड्यानं ढकलतो. टायरमधली हवापण फार ठेवू नका, कडक टायर धक्का गिळत नाही, वर पाठवतो. आणि सगळं एकदम बदलू नका, एक गोष्ट केली की त्याच रस्त्यावर त्याच स्पीडला बघा, नाहीतर नेमकं काय चुकलं होतं ते कधीच कळत नाही आणि बिल मात्र सगळ्याचं येतं.

आता मी ट्रॅक रॉडच्या दोन्ही नटांवर बायकोच्या नेलपेंटनं रेघ मारून ठेवलीय, नट आणि ब्रॅकेट दोन्हीवरून जाणारी. डोंगरातनं आलो की खाली वाकून बघायचं, रेघ तुटली दिसली की पाना काढायचा. नेलपेंटची बाटली नवीन आणून द्यावी लागली, पण त्या रंगीत डँपरपेक्षा लई स्वस्तात पडलं.