जोडीदाराच्या किडनी प्रत्यारोपणानंतर घरात आणि चर्चमध्ये पुन्हा कसे रुळावे

प्रत्यारोपणानंतर सुट्टी मिळताना हाती पडणाऱ्या फाइलमध्ये गोळ्या, तपासण्या आणि पथ्य नीट लिहिलेले असते. कुटुंबात आणि धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या समाजात, पुन्हा कसे मिसळावे, याबद्दल मात्र ज्याला विचाराल तो वेगळेच सांगतो. माझ्या पतीच्या प्रत्यारोपणानंतर वसई परिसरातील अनेक कुटुंबांना मी या काळात सोबत केली आहे आणि त्यावरून माझे मत पक्के झाले आहे: आधी औषधांचा कारभार रुग्णाच्या हाती परत द्यावा आणि मगच त्याला चर्चच्या दारात न्यावे.

घराची तयारी सोपी आहे. विहिरीचे पाणी उकळून प्यावे, मासळी पूर्ण शिजवावी, कालवे कच्ची किंवा अर्धवट भाजलेली खाऊ नयेत, वाडीतले मातीकाम आणि कोंबड्यांचे खुराडे दुसऱ्याकडे सोपवावे. पपनस घरात आणूच नये, कारण त्याने शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमस या मुख्य औषधाचे रक्तातील प्रमाण वाढू शकते.

खरी कसोटी औषधांच्या डब्यापाशी लागते. डायलिसिसच्या काळापासून रक्तदाब, वजन, लघवीचे माप आणि डॉक्टरांशी बोलणे हे सारे पत्नीच्या अंगवळणी पडलेले असते, आणि शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे ते योग्यही असते. स्टेरॉइडमुळे झोप उडते, स्वभाव चिडका होतो, आणि टॅक्रोलिमसमुळे हात थरथरतात. माझ्या पतीने पाकिटातून कॅप्सूल दाबून काढायला घेतली की ती फरशीवरून घरंगळत थेट फ्रिजखाली जात असे. तेव्हा पाकीट माझ्याकडे घेणे स्वाभाविक होते. अडचण पुढे सुरू होते. थरथर कमी होते, माणूस हिंडूफिरू लागतो, तरी डबा पत्नीच्याच ताब्यात राहतो; मग नवरा रुग्णच राहतो, बायको परिचारिकाच राहते, आणि दोघांच्या बोलण्यात गोळ्यांखेरीज विषय उरत नाही.

म्हणून डॉक्टरांशी बोलून हा कारभार टप्प्याटप्प्याने सोपवावा. आठवड्याचा डबा प्रथम दोघांनी मिळून भरावा: त्यांनी गोळ्या भराव्यात, आपण कागदावरून ताडून पाहावे. हे सरावाचे झाले की रोज रात्री रिकामे झालेले कप्पे तेवढे पाहावेत आणि तोंडाने काही विचारू नये. विचारल्याशिवाय राहवत नाही हे मला ठाऊक आहे. पण ‘घेतली का गोळी?’ हा प्रश्न पाहुण्यांसमोर तर अजिबात नको. बारा-बारा तासांच्या अंतराने येणाऱ्या डोसचा गजर त्यांच्याच फोनवर लावावा. टॅक्रोलिमसची पातळी तपासायची असेल त्या दिवशी सकाळचा डोस रक्त दिल्यानंतर घ्यायचा असतो, हे रक्त घेणाऱ्याला त्यांनी स्वतः सांगावे. दुसऱ्या कोणत्याही दवाखान्यात गेल्यावर ‘माझे प्रत्यारोपण झाले आहे’ हे पहिले वाक्य त्यांच्या तोंडून आले पाहिजे, कारण काही साध्या अँटिबायोटिक गोळ्या औषधाची पातळी बिघडवतात आणि अंगदुखीवरच्या नेहमीच्या गोळ्या किडनीला इजा करू शकतात. अपवाद एकच: ताप १००.४ फॅरनहाइटपर्यंत चढला, लघवी कमी झाली किंवा किडनीच्या जागी दुखू लागले, तर कोणाचाही मान न राखता आपण स्वतः फोन करावा.

आणखी एक बजावून सांगते. ‘मी तुमच्यासाठी किती केले’ हे वाक्य घरात उच्चारू नये. पत्नीनेच किडनी दिली असेल तर हे पथ्य दुप्पट कडकपणे पाळावे, आणि त्या घरात एक नव्हे, दोन शस्त्रक्रिया झाल्या आहेत, याची सासरच्यांना आठवण करून द्यावी.

भेटायला येणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवावी आणि सर्दी-खोकला असलेल्यांना अंगणातूनच निरोप द्यावा. मायेने आणलेली सुकेळी (वाळवलेली केळी) आणि शहाळी मुलांना द्यावीत. डायलिसिस सुटले म्हणजे पोटॅशियमचे पथ्य सुटले असे नसते, कारण टॅक्रोलिमसमुळेही ते वाढू शकते. गुळवेलीचा काढा आणणाऱ्या आत्याबाईंचे मन मोडले तरी चालेल. जी प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवली आहे, तीच चेतवायला काढा पाजणे हा शुद्ध अविचार आहे.

चर्चच्या बाबतीत घाई करणारे नातेवाईक सर्वांत जास्त भेटतात. आजाऱ्याला रविवारच्या मिस्सेचे, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेचे, बंधन नसते, तेव्हा पहिले काही महिने फादरांना सांगून कम्युनियन (मिस्सेतला पवित्र भाकरीचा प्रसाद) घरी आणवावे. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सुरुवात आठवड्यातल्या एखाद्या साध्या दिवशी, सकाळच्या तुरळक उपस्थितीच्या मिस्सेने करावी. मास्क लावून खिडकीजवळच्या बाकावर बसावे. दारातल्या पवित्र पाण्याच्या पात्रात बोटे बुडवू नयेत, शांतीचे चिन्ह नमस्काराने द्यावे आणि ख्रिस्तशरीर, म्हणजे कम्युनियनचा प्रसाद, हातावर घ्यावे. कम्युनियनपूर्वीच्या एक तासाच्या उपवासात पाणी आणि औषध यांना मुभा आहे, म्हणून मिस्सेसाठी डोस पुढे ढकलू नये. मिस्सेनंतर आवारात लोक पतीला वगळून पत्नीलाच विचारतात, ‘आता कसे आहेत हे?’ अशा वेळी आपण दोन पावले मागे सरावे आणि त्यांना बोलू द्यावे. मिस्सेत बायबल वाचण्याची सेवा पूर्वी करत असतील तर ती आधी सुरू करावी. जड मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणुकीत चालणे डॉक्टर सांगतील तोवर बंद.

आभाराची मिस्सा अवश्य ठेवावी, जेवणावळ मात्र टाळावी. अवयव मृत दात्याकडून मिळाला असेल तर त्याचे नाव कळत नाही, तरीही त्याच्यासाठी आणि त्याच्या कुटुंबीयांसाठी प्रार्थना ठेवता येते. अवयवदान धर्माला मान्य आहे का, अशी कुजबुज कोणी केलीच, तर पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली प्रत्यारोपणतज्ज्ञांच्या परिषदेपुढे अवयवदानाला प्रेमाची खरीखुरी कृती म्हटले होते, एवढे सांगून विषय संपवावा.

राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला उपवास करण्याचा हट्ट रुग्णच धरतो. आजाऱ्याला त्यातून सूट आहे, आणि पाण्यावाचून राहणे नव्या किडनीला मानवत नाही. नेमाने काही सोडायचेच असेल तर टीव्ही सोडावा. बांद्र्याच्या माउंट मेरीचा नवस सप्टेंबरच्या जत्रेतच फेडला पाहिजे असे नाही; गर्दी ओसरल्यावर एखाद्या साध्या दिवशी जावे, आणि लोकलच्या गर्दीतून जाऊ नये.

लग्नसराईत बोलावणी येतीलच. मांडवाच्या कडेला, वारा येईल तिथे बसावे, पंगतीत गरम वाढलेलेच खावे आणि कापून ठेवलेली काकडी-टोमॅटो बाजूला सारावी. रात्रीचा डोस त्यांच्या खिशात द्यावा, आपल्या पर्समध्ये ठेवू नये. मांडवात सगळे इकडेतिकडे पांगतात आणि बँड वाजत असताना नऊ वाजता कोणाची हाक कोणाला ऐकू जात नाही.