गेमची एंडिंग बिघडते ती आधीच, या चुका टाळा

द विचर ३ हा गेम संपवलेला कुणी भेटला की पहिला प्रश्न एकच असतो, तुझी सिरी, म्हणजे नायक गेराल्टने लेकीसारखी वाढवलेली मुलगी, शेवटी परत आली का. बरेच जण सांगतात नाही आली, आणि वर असंही म्हणतात की शेवटी गेमने काही चॉईसच दिला नाही. चॉईस दिला होता, फक्त शेवटी नाही, खूप आधी दिला होता, आणि तो चॉईस आहे हेच त्यांच्या लक्षात आलं नाही. स्टोरी गेम खेळताना आपण ज्या चुका करतो त्यातली सगळ्यात मोठी हीच, एंडिंग शेवटच्या मिशनमध्ये ठरते असं धरून चालायचं. (पुढे स्पॉयलर आहेत, जे गेम अजून खेळायचेत त्यांचे परिच्छेद सोडून द्या.)

विचरचंच घ्या. केअर मॉर्हेनची लढाई होते, गेराल्टचा गुरू वेसेमिर मारला जातो, सिरी खचून बसलेली असते. गेराल्टकडे दोन वाक्यं असतात. एकात तो म्हणतो की सगळंच जमायला पाहिजे असं नाही, आणि मग दोघं प्यायला बसतात. दुसऱ्यात तो म्हणतो की मला माहितीये तुला कशाने बरं वाटेल, आणि दोघं बर्फाचे गोळे मारत खेळतात. आपल्यातला मोठा माणूस पटकन पहिलं वाक्य निवडतो कारण ते समजूतदार वाटतं, आणि गेम ते तुमच्या विरोधात मोजतो. पुढे असेच अजून काही प्रसंग येतात. जादूगारणींच्या लॉजला म्हणजे त्यांच्या गुप्त मंडळाला भेटायला तिला एकटीला जाऊ द्यायचं का, तिचा गुरू आव्हलाक याची लॅब तिला फोडू द्यायची का, तिला मदत करणाऱ्या स्क्यालच्या कबरीवर तिच्याबरोबर जायचं का, आणि तिला जन्मदात्या बापाकडे म्हणजे निल्फगार्डच्या सम्राटाकडे नेलंच तर त्याचे पैसे घ्यायचे का. यातले किमान तीन नीट गेले तर ती वाचते. सगळ्यांत एकच सूत्र आहे, गेराल्ट तिच्यावर विश्वास ठेवतो का तिला सांभाळत बसतो. गेम बनवणाऱ्यांनी हे कुठेही मोठ्या अक्षरात सांगितलेलं नाही आणि मला तरी ते फार आवडतं, कारण बापलेकीच्या नात्यात कुठला क्षण महत्त्वाचा होता हे त्या वेळी कधी कळतं?

आता ज्यांना सिरी सम्राज्ञी झालेली बघायची आहे त्यांची वेगळी अडचण. त्यासाठी तिला सम्राटाकडे न्यावंच लागतं, शिवाय निल्फगार्डचा शत्रू राजा रॅडोविड याला मारायचा कट पूर्ण करून त्यात कटातला साथीदार रोश याची बाजू घ्यावी लागते, म्हणजे युद्ध निल्फगार्ड जिंकतं. आणि त्या कटापर्यंत पोचवणाऱ्या साईड क्वेस्ट (मुख्य कथेबाहेरची कामं) आयल ऑफ मिस्ट्स या बेटाला जायच्या आधी उरकाव्या लागतात, नंतर त्या फेल होतात. तिथे गेम वॉर्निंग देतो पण आपण ती न वाचता बटण दाबून पुढे जातो. वॉर्निंगची खिडकी आली की थांबा, क्वेस्ट लॉग उघडा, काय राहिलंय ते बघा, मग जा.

मास इफेक्ट २ (२०१०) या अंतराळातल्या गेममध्ये चूक नेमकी उलट्या बाजूने होते. ओपन वर्ल्ड गेमनी आपल्याला एक वाईट सवय लावली आहे, कुणी कितीही घाई घाई म्हणून ओरडलं तरी आपण आरामात पत्ते खेळत बसायचं, मासे धरायचे, मेन मिशन आपल्यासाठी थांबतं. इथे ते थांबत नाही. रीपर आयएफएफ (शत्रूच्या जहाजाचं ओळख-यंत्र) मिळवल्यावर थोड्याच वेळात कलेक्टर नावाचे परग्रहावरचे शत्रू तुमच्या जहाजाचा क्रू उचलून नेतात, आणि तिथून ओमेगा ४ रीले (त्यांच्या तळाकडे नेणारं अंतराळातलं दार) लगेच पार केला तर सगळे वाचतात, एखाददुसरं मिशन करून गेलात तर निम्मे जातात, आणि फारच रमत गेलात तर डॉक्टर चकवास सोडून कोणीच उरत नाही. केली चेंबर्स, जी रोज तुम्हाला मेसेज आलाय म्हणून सांगायची, ती तुमच्या डोळ्यांसमोर विरघळते. म्हणून क्रम असा ठेवा, आयएफएफच्या मिशनआधी बाकी सगळ्या साथीदारांची लॉयल्टी मिशन्स (त्यांची निष्ठा मिळवून देणारी) आणि तुमचं जहाज नॉर्मंडी याचे तिन्ही मोठे अपग्रेड म्हणजे आर्मर, शील्ड आणि तोफ करून टाका, आयएफएफनंतर लीजन या रोबोटला लगेच सुरू करून त्याचं मिशन उरका, आणि क्रू गेला की दुसरीकडे कुठेही न जाता सरळ रीलेकडे. शेवटच्या मोहिमेत कामं वाटताना जो पुढे होऊन मी करतो म्हणतो त्याला डोळे झाकून देऊ नका. व्हेंटमध्ये टाली, लीजन किंवा कसुमी पाठवा, बायोटिक (मनाच्या शक्तीने धरायच्या) ढालीला जॅक किंवा समारा, आणि ज्याला पाठवताय त्याची लॉयल्टी झालेली असू द्या. मिरांडा कितीही आत्मविश्वासाने बोलली तरी ढालीला नको.

पर्सोना ५ रॉयलमध्ये तर सरळ कॅलेंडरच आहे. शाळेचा समुपदेशक मारुकी याच्याशी मैत्री १८ नोव्हेंबरपर्यंत रँक ९ ला नेली नाही तर तिसरं सेमिस्टर उघडतच नाही, म्हणजे रॉयल या वाढीव आवृत्तीसाठी म्हणून जी नवी गोष्ट लिहिली तीच तुम्हाला दिसत नाही, आणि गेम संपला की तुम्हाला वाटतं संपला. शंभर तास घातल्यावर हे कळणं फार लागतं मनाला.

मग गाईड उघडून खेळायचं का? माझं मत, पहिल्या वेळी गाईडमधून फक्त तारखा आणि दरवाजे बघा, कुठल्या मिशननंतर काय बंद होतं एवढंच. उत्तरं बघू नका. सायलेंट हिल २ (२००१) हा गेम तुम्ही कसे वागता ते गुपचूप बघत असतो. जखमी असूनही औषध न घेता किती वेळ फिरता, अँजेलाचा सुरा काढून किती वेळा बघता, बायकोचा फोटो आणि पत्र बघता की नाही, साथीला असणाऱ्या मारियाच्या जवळ राहता की तिला मागे टाकून पळता, यावरून नायक जेम्सचा शेवट ठरतो. हे यादी हातात घेऊन केलं तर एंडिंग मिळते पण ती तुमची राहत नाही, परीक्षेत उत्तरपत्रिका बघून लिहिल्यासारखं होतं. एंडिंग आधीच यूट्यूबवर बघून मग गेम घेणाऱ्यांना पण माझी हीच विनंती आहे, निदान एकदा तरी आंधळेपणाने खेळा.

क्रेडिट्स आले म्हणून गेम डिलीट करणं ही अजून एक नेहमीची चूक. निअर ऑटोमॅटा (२०१७) मध्ये पहिले क्रेडिट्स येतात ती एंडिंग ए असते. त्यानंतर परत सुरू केलं की तीच गोष्ट ९एस या दुसऱ्या पात्राच्या बाजूने दिसते, इथे लोक कंटाळतात आणि सोडतात, आणि त्याच्यापुढे जी खरी नवी कथा आहे, सी, डी आणि ई, ती राहून जाते. ए ते ई करा, बाकीच्या झेडपर्यंतच्या एंडिंग बहुतेक छोट्या आणि गमतीच्या आहेत, त्या राहिल्या तरी चालेल. रेड डेड रिडेम्प्शन २ मध्येही सहाव्या चॅप्टरनंतर दोन भागांचा एपिलॉग आहे, तो बराच लांब आहे, त्यात कुंपण ठोकायचं आणि शेण उचलायचं काम आहे, आणि तो टाळून पळू नका, साथीदार जॉनचं घर उभं राहताना बघितल्याशिवाय नायक आर्थरने काय केलं ते कळत नाही.

बिघडलंच तर काय करायचं? आधी हे तपासा की चूक तुमची का गेमची. मास इफेक्ट ३ मूळ डिस्कवरून खेळत असाल आणि शेवट फारच तुटक वाटला तर एक्स्टेंडेड कट हा शेवट वाढवणारा भाग टाकलाय का बघा, लोक एवढे चिडले होते की २०१२ च्या जूनमध्ये कंपनीने तो फुकट दिला. नंतरच्या लेजेंडरी एडिशनमध्ये तो आधीच आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीचा राजी (२०२०) हा गेम संपवून तुम्हाला वाटलं असेल की काहीतरी सुटलं, तर तुमचं काही सुटलेलं नाही, तो शेवट तसाच अचानक येतो. भिंतीवरच्या चित्रांतून इतकी सुंदर गोष्ट सांगणाऱ्या टीमला शेवटाला अजून एक तास मिळायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

चूक आपली असेल तर सगळा भार जुन्या सेव्हवर. ऑटोसेव्ह दोन-तीन प्रसंगांतच पुसला जातो, म्हणून प्रत्येक मोठ्या टप्प्याला वेगळ्या स्लॉटमध्ये हाताने सेव्ह करा. सायबरपंक २०७७ मध्ये नॉक्टर्न ओपी५५एन१ हे मिशन शेवटचं वळण आहे आणि संपल्यावर गेम तुम्हाला त्याच्या आधी आणून सोडतो, त्यामुळे बाकीच्या एंडिंग बघता येतात, पण नायकाच्या डोक्यात राहणाऱ्या जॉनीच्या थडग्यापाशी तेलाच्या मैदानात त्याच्याशी जे बोलणं होतं ते तिथून बदलता येत नाही, आणि सिक्रेट एंडिंग त्यावरच अवलंबून आहे. तो एक सेव्ह जपून ठेवा.

अंडरटेल या गेमला मात्र हा उपाय लागू पडत नाही. त्यात एकदा सगळ्यांना मारून शेवटपर्यंत गेलात की गेम ते लक्षात ठेवतो, नंतर आतून रीसेट करून कितीही चांगले वागलात तरी चांगल्या एंडिंगवर डाग राहतो. पीसीवर सेव्ह फाईली स्वतः जाऊन डिलीट केल्या तर जातो, पण क्लाऊड सेव्ह चालू असेल तर त्या परत येतात, म्हणून आधी क्लाऊड बंद करा, मग फाईली काढा, आणि या वेळी सुरुवातीलाच भेटणाऱ्या टोरिएलपासून कुणालाही मारू नका.