साहेब, तुमची खोट कुठं शोधायची ते सांगतो

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा नायतर जालन्याची स्टीलवाली एमआयडीसी, कुठंबी जा, टपरीवर विषय एकच असतो, आमचा साहेब. साहेबात काय कमी आहे हे कॉन्ट्रॅक्टवर कालच लागलेल्या पोरालाबी तोंडपाठ असतंय, माहीत नसतं ते फक्त साहेबाला. आता त्यात त्याचा एकट्याचा दोष नाही म्हणा, अप्रेझल ज्याच्या हातात आहे त्याला कोण सांगणार की सर तुम्ही समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाही म्हणून. त्यामुळं "माझ्यात काय कमी आहे बिनधास्त सांगा" असं मीटिंगमध्ये विचारून काडीचा उपयोग नाही, "सगळं मस्त आहे सर" एवढंच ऐकू येईल. खोट लोकांच्या तोंडून कळत नाही, रोजच्या कामात बघावी लागते.

सुरुवात टेबलापासून करा. सहीसाठी किती कागद पडलेत आणि त्यातले किती फालतू रकमेचे आहेत ते मोजा. साध्या बेअरिंगचा इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, जीएमच्या सहीसाठी अडकलाय आणि तिकडं मशीन बंद पडून ऑपरेटर मोबाईल बघत बसलाय, हे चित्र आपल्याकडं लई कॉमन आहे. साहेबाला वाटतं आपलं बारीक लक्ष आहे, खरं तर आपणच अडथळा झालेलो असतो. इलाज सोपा आहे, किती रुपयापर्यंत सुपरवायझर, किती रुपयापर्यंत मॅनेजर, हे लेखी ठरवून टाका आणि मंग चार दिवस गावाकडं जा, फोन बंद ठेवून. परत आल्यावर जे जे अडकलेलं दिसेल ते ते तुम्ही सोडलेलं नाही असं धरा. अवघड भाग पुढं आहे, कुणी आपल्या लिमिटमध्ये राहून चुकीचा निर्णय घेतला तर अधिकार परत ओढायचा नाही, काय बघून ठरवलं तेवढं विचारायचं.

दुसरी खोट सगळ्यात महाग पडते आणि ती सकाळच्या मीटिंगमध्ये दिसते. प्रेस शॉपची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, तडकून टूलरूममध्ये दुरुस्तीला पडलीय, खोलीतल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि साहेब विचारायलेत डिस्पॅचचं काय. "होऊन जाईल सर, संध्याकाळपर्यंत." सगळे वहीत बघायलेत. दोन दिवसांनी कस्टमरची लाइन उभी राहते तेव्हा साहेब ओरडतात की मला आधी काहून नाही सांगितलं. आरं बाबा, मागच्या खेपेला ज्यानं सांगितलं त्याचं तू दहा जणांत काय केलंस ते सगळ्यांनी बघितलंय ना! तुमच्याकडं वाईट बातमी येतच नसेल तर सगळं ठीक चाललंय असं समजू नका. आणि आली, की पहिल्या मिनिटात "कधीपासून माहीत होतं" हा पोलिसी प्रश्न गिळायचा, आधी विचारायचं माझ्याकडून काय पाहिजे, चौकशी नंतर निवांत करता येते. टोयोटाच्या लाइनवर ऑपरेटरला गडबड दिसली की तो दोरी ओढतो नायतर बटण दाबतो आणि टीम लीडर आधी मदतीला येतो, त्या सगळ्या पद्धतीचा जीव तिथं आहे. उलटं उदाहरण पाहिजे असेल तर १९८६ चं अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान घ्या. थंडीत रबराच्या सीलचा भरवसा नाही असं इंजिनिअर आदल्या रात्री सांगत होते, वरच्यांनी ते बाजूला सारलं, उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सात जण गेले.

तिसरी खोट हुशार साहेबाची, आता आपल्या दौलताबादचंच घ्या. तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून इथं आणली. कल्पना तशी वेडगळ नव्हती, दक्षिणेवर लक्ष ठेवायला जागा झकास, पण लोकांना हलवताना त्यांचे हाल किती होतील याचा विचार नाही आणि काही वर्षांत सगळं परत फिरवलं. पुढं तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या भावानं चालवली तर लोकांनी घरोघरी पाडायला सुरुवात केली. असे हुशार साहेब मी लई बघितलेत, आयडिया बरोबर असते पण मीटिंगमध्ये पहिले तेच बोलतात आणि मंग बाकीच्यांना निस्ती मान हलवायची उरते. यावर एकच नियम पाळा, सगळ्यात ज्युनियर आधी, तुम्ही शेवटी. पहिले काही दिवस कुणी बोलणार नाही, शांतता खायला उठेल, तरी भरून काढू नका.

लाडके लोक, दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव, चारचौघांत झापणं, हे तुम्हाला आधीच माहीत आहे. दिवाळीत सुट्टी कुणाला मिळते ती यादी नुसती एकदा काढून बघा.

गोड साहेबाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. क्वालिटी आणि प्रॉडक्शनचं भांडण आलं की "तुम्ही दोघं बसून बघा" म्हणणारा, कुणालाच नाराज न करणारा. माझ्या मते ओरडणाऱ्यापेक्षा हा जास्त नुकसान करतो, कारण याच्याविरुद्ध तक्रारबी करता येत नाही. असा स्वभाव असेल तर प्रत्येक लोंबकळत्या विषयापुढं तारीख आणि आपलं स्वतःचं नाव लिहा, त्या तारखेला अर्धवट माहितीवर का होईना, हो किंवा नाही सांगा.

आणि हे सगळं एकदम सुधारायला जाऊ नका. एकच खोट निवडा, दोन-तीन जणांना सांगून ठेवा की यावर नजर ठेवा, आणि महिन्यानं त्यांना विचारा "पुढच्या महिन्यात मी काय वेगळं करू". काय चुकलं असं विचारलं की माणूस घाबरतो, पुढचं विचारलं की बोलतो. लातूरच्या दालमिलमध्ये मालकाच्या पोराला हे सांगायला वडिलांच्या काळातले मुनीमजी असतात, त्यांना जरा एकांतात बसवून घ्या. कंपनीत तसं कुणी नसेल तर नोकरी सोडून गेलेल्या चांगल्या माणसाला गाठा, पण सोडताना नाही, तेव्हा तो "घरचं कारण" लिहून मोकळा होतो. फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशोब, हातात पडल्यावर, काही महिन्यांनी, बाहेर कुठंतरी चहाला बोलवा, आणि तो बोलायला लागला की सफाई द्यायला जाऊ नका.