स्वस्त डायल-अप घेताय? या चुका टाळा

एओएल या इंटरनेट कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेतली डायल-अप सेवा, म्हणजे फोनलाइनवरून नंबर लावून चालणारं इंटरनेट, बंद केली. पण जिथे केबल पोचलेली नाही आणि उपग्रहाचं इंटरनेट परवडत नाही, तिथे तांब्याच्या फोनलाइनवर स्वस्त डायल-अप अजूनही उपयोगी पडतं. घेण्याआधी मात्र नीट तपासा.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे महिन्याचा दर बघायचा आणि फोनचं बिल विसरायचं. कंपनी अ‍ॅक्सेस नंबरांची, म्हणजे इंटरनेट जोडायला मोडेम (कॉम्प्युटर फोनलाइनला जोडणारं यंत्र) जे फोन नंबर लावतो त्यांची, यादी देते. त्यात आपला एरिया कोड दिसला की लोक तो नंबर बिनधास्त निवडतात. एरिया कोड एकच असला तरी कॉल लोकल असेलच असं नाही. थोड्या अंतरावरच्या गावाचा नंबरही टोलमध्ये, म्हणजे मिनिटाला पैसे लागणाऱ्या कॉलमध्ये, जाऊ शकतो. रोज दोन तास म्हणजे महिन्याला ३,६०० मिनिटं. मिनिटाला ५ सेंट धरले तरी १८० डॉलर होतात. म्हणून आधी फोन कंपनीला विचारा, 'माझ्या लाइनवरून हा नंबर लोकल आहे का?' असे दोन नंबर मिळाले तरच पुढे जा, कारण संध्याकाळी एक हमखास व्यस्त असतो.

फोन इंटरनेटवरून किंवा केबलच्या डब्यातून चालत असेल तर डायल-अपचा नाद सोडा. अशा फोनवर आवाज छोट्या तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत, जातो. ती किंचित मागेपुढे झाली तरी माणसाला कळत नाही, मोडेमचं कनेक्शन मात्र तुटतं.

साध्या लाइनवर कनेक्शन वारंवार तुटत असेल तर मोडेम बदलण्याआधी लाइन ऐका. रिसीव्हर उचलून एक आकडा दाबा. डायल टोन थांबल्यावर खरखर येते का बघा. आली तर घराबाहेरच्या फोनच्या डब्यातल्या टेस्ट जॅकला फोन थेट लावा. तिथे आवाज स्वच्छ असेल तर दोष घरातल्या वायरिंगचा; तिथेही खरखर असेल तर फोन कंपनीला बोलवा.

५६के मोडेम ५६ देत नाही. अमेरिकेत डाउनलोडची मर्यादा ५३.३ केबीपीएस (सेकंदाला इतके हजार बिट) आहे आणि ४० ते ५० मिळाले तर लाइन चांगली समजा. आकडा नेहमी २६.४ वरच अडकत असेल, तर बहुधा वाटेत सिग्नलचं डिजिटल-अ‍ॅनालॉग रूपांतर जास्तीचं होतंय. नवा मोडेम घेऊन ते सुधारत नाही.

विंडोजमध्ये एरर ६८० आला म्हणजे डायल टोन नाही. वायर ठीक असेल तर व्हॉइसमेल साठलाय का बघा, कारण त्यामुळे टोन तुटक येतो. तसं असेल तर मोडेमच्या सेटिंगमधली 'वेट फॉर डायल टोन' ही खूण काढा. ६७६ म्हणजे लाइन व्यस्त, ६७८ म्हणजे समोरून उत्तर नाही. दोन्ही वेळा दुसरा नंबर लावा. ६९१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. पुष्कळ कंपन्यांना नावापुढे '@' आणि डोमेनही लागतं. कॉल वेटिंग असेल तर ते बंद करायला नंबराआधी '*७०,,' टाका. प्रत्येक स्वल्पविराम साधारण दोन सेकंद थांबतो.

'पाचपट वेग'वाल्या अ‍ॅक्सलरेटरसाठी जास्त पैसे देऊ नका. तो चित्रं दाबून लहान करतो, पण आजची बहुतेक पानं एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद रूपात, येत असल्याने त्याला आत हात घालता येत नाही. ४८ केबीपीएसवर एक एमबीला जवळजवळ तीन मिनिटं लागतात. त्यामुळे विंडोजचे आपोआप होणारे अपडेट बंद ठेवा, ब्राउझरमध्ये चित्रं बंद करा आणि मेल प्रोग्रॅमला फक्त शीर्षकं उतरवायला सांगा.